तानपुऱ्याच्या कसोटीवर टर्नटेबल



रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळींत एक वाद पन्नास वर्षं चालू आहे. टर्नटेबल पट्ट्यावर चालणारं चांगलं, थेट मोटरवर फिरणारं चांगलं, की जुनं रबरी चाकाचं? या वादात दाखले दिले जातात ते बहुतेक पाश्चात्त्य संगीताचे. आपण ख्याल ऐकणारी माणसं. आपल्या रेकॉर्डवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तानपुरा वाजत असतो, आणि यंत्राची परीक्षा घ्यायला त्याच्याइतकं कठोर वाद्य नाही. पियानोचा लांबवलेला स्वरही थरथर दाखवतो, पण तो विरून जातो. षड्ज विरत नाही. गायकाचा स्वर हलला तर ते आंदोलन असेल, मींड असेल. तानपुरा हलला तर दोष यंत्राचा किंवा रेकॉर्डचा, गवयाचा नव्हे. म्हणून तिन्ही पद्धती मी याच कसोटीवर तपासणार आहे.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. हा वेग सावकाश खालीवर झाला की स्वर डोलतो, त्याला ‘वॉव’ म्हणतात. भराभर झाला की स्वर खरखरीत होतो, तो ‘फ्लटर’. आणि मोटरची धडधड सुईपर्यंत पोहोचून स्पीकरमधून घुमू लागली की ती ‘रंबल’.

रबरी चाकाची पद्धत जुनी. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचं १९५४ सालचं ३०१ हे मॉडेल तिचा उत्तम नमुना. मोटरच्या दांड्याला रबरी चाक टेकतं आणि ते प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीला, कडेच्या आतून फिरवतं. जोर दांडगा, वेग चटकन पकडतो, सुईच्या ओढीने दबत नाही. पण मोटर सेकंदाला वीस-पंचवीस फेरे घेते आणि तिची धडधड त्याच चाकातून वर चढते. मोनोच्या काळात हे फारसं जाणवत नसे. कारण मोनो रेकॉर्डमध्ये सुई आडवी हलून आवाज देते, उभी हालचाल मोजली जात नाही. १९५८च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. त्यांच्यात उभ्या हालचालीतही आवाज असतो, त्यामुळे इतकी वर्षं लपलेली घरघर एकदम ऐकू येऊ लागली. पट्ट्याचं टर्नटेबल लोकप्रिय होण्यामागे हे मोठं कारण आहे. चर्चेत ते फार थोडे लोक सांगतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एडगर विल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९६१ साली जे टर्नटेबल आणलं, त्याची रचना मला आजही देखणी वाटते. प्लॅटर आणि सुई धरणारा टोनआर्म एकाच चौकटीवर. ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगती. मोटर वेगळी, वरच्या पत्र्याला बसवलेली. दोघांत दुवा फक्त रबरी पट्ट्याचा. मोटरची कंपनं पट्टा गिळतो, आणि जड प्लॅटर वेगातले बारीक धक्के सपाट करतो. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं सत्तरच्या दशकातलं एलपी १२ याच कुळातलं.

यातली उणीव पट्ट्यातच आहे. रबर ताणतं, सैल पडतं, निसटतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते लवकर चिकट होतं. विलंबित ख्यालात लांब स्वर लागलेला असताना पट्टा किंचित निसटला, तर षड्ज खचतो आणि बैठकीचा रंगच जातो. पट्टा बदलणं हे देखभालीचं काम समजा, दुरुस्तीचं नव्हे.

१९७० साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसपी-१० आणलं. मधले सगळे दुवे काढून टाकले. मोटरच प्लॅटरच्या आसाला जोडली आणि ती ३३⅓नेच फिरू लागली. हाच डायरेक्ट ड्राइव्ह. १९७२मध्ये एसएल-१२०० आलं, १९७९मध्ये त्याची एमके-२ आवृत्ती. तिचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर बांधलेला, वॉव आणि फ्लटर ०.०२५ टक्के. न्यूयॉर्कच्या डीजेंनी डायरेक्ट ड्राइव्ह उचलून धरला, आणि त्यामुळेच अनेक अभिजात-संगीतप्रेमींनी तो नाचगाण्याचं यंत्र म्हणून दूर सारला. हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मोटर प्रत्येक चुंबकीय ध्रुवापाशी हिसके देते, वेग सतत दुरुस्त करणारं सर्किट स्वतःच थरथर पैदा करतं, हे आक्षेप खोटे नव्हते. पण चांगल्या यंत्रांत ते कधीच आटोक्यात आले. चांगला बेल्ट सुरेल असतोच. पण तानपुरा स्थिर हवा असेल, तर क्वार्ट्झचा डायरेक्ट ड्राइव्ह मी आधी निवडेन.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकेतून येणारी अनेक जुनी बेल्ट-यंत्रं तिथल्या ६० हर्ट्झ विजेसाठी केलेली असतात. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. पुली बदलली नाही, तर एलपी मिनिटाला २८ फेऱ्यांहूनही मंद फिरते आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये गाऊ लागते! वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती पुरते. आपल्या विजेवर साधा बल्ब किंवा निऑन सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓साठी चकतीवर १८० रेघा लागतात. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर.

पण रेकॉर्डचं भोक मध्यापासून सरकलेलं असेल, तर तिन्ही पद्धती हात टेकतात. अर्धा मिलिमीटर सरकलेलं भोक घ्या. शेवटच्या खाचांपाशी, केंद्रापासून सहा सेंटिमीटरवर, स्वर दर फेऱ्यात एकूण दीड टक्क्याहून जास्त डोलतो. म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा पाव हिस्सा. त्यापुढे ०.०२५ टक्के काहीच नाही. डोलण्याचा काळ १.८ सेकंद भरला, तर मोटरला दोष देऊ नका; भोक तपासा.

ज्यांच्याकडे ७८च्या जुन्या रेकॉर्ड आहेत, त्यांनी वेग बारकाईने कमीजास्त करता येणारं यंत्रच घ्यावं. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग काटेकोर ७८ नसे. काही त्याखाली, काही वर. एसएल-१२००च्या एमके-२मध्ये आठ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण ७८चा वेग नाही. एसपी-१०च्या एमके-२मध्ये तो आहे. पट्टी ठरवताना हार्मोनियमच्या साथीचा आधार घेता येतो. मात्र त्या काळच्या पेट्या आजच्या प्रमाणात जुळवलेल्या असतीलच असं नाही. त्याच गायकाच्या चार-सहा रेकॉर्ड शेजारी ठेवून ऐका, गळ्याचा पोत ओळखा, आणि मग वेगाचा खटका हलवा.