दोन देशांचा एक संसार

माहेरचें घर गळकें आहे, हें सासुरवाशिणीला जितकें ठाऊक असतें तितकें दुसऱ्या कोणालाच नसतें. पावसाळ्यांत कोणत्या खोलींत पातेलीं मांडावीं लागतात, थोरल्या भावाचा स्वभाव कसा तापट आहे, हें ती नवऱ्याजवळ मोकळेपणानें सांगते. परंतु त्याच गळक्या घराविषयीं नवऱ्यानें एखादा शब्द काढला, कीं तिचा चेहरा उतरतो. वस्तुस्थिति तीच, शब्दही बहुधा तेच; मग पहिला उद्गार सोसतो आणि दुसरा झोंबतो, असें कां? कारण पहिल्यांत दोषाबरोबर माया होती, आणि दुसऱ्यांत ती आहे कीं नाहीं याची तिला खात्री नव्हती. नवराबायको निरनिराळ्या देशांचीं असलीं, म्हणजे माहेर या शब्दाचा विस्तार एका घरापासून एका राष्ट्रापर्यंत होतो, आणि हा लहानसा प्रश्न फार मोठा होऊन बसतो.

आज तो पुष्कळ सुशिक्षित घरांच्या उंबरठ्यावर आला आहे. मुलगा अमेरिकेंत शिकावयास जातो, तेथेंच नोकरी धरतो, आणि सून अमेरिकन किंवा चिनी येते. सत्यनारायणाला ती हौसेनें लुगडें नेसते, पुरणपोळी आवडीनें खाते. येथवर सर्व ठीक. पण जेवतांना कोणी येथील रस्त्यांच्या घाणीची गोष्ट काढतो, कोणी अमेरिकेंतील वर्णद्वेषाची, कोणी १९६२ च्या युद्धाची. आणि पंक्तीचा रंग पालटतो. अशा संसारांत देशाचा अभिमान किती धरावा, आणि टीका कोणी, कोणावर करावी?

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा आहे असें मात्र नव्हे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मॅंगनीजच्या खाणींच्या मुलुखांत, नाकाडोंगरी नांवाचें गांव आहे. तेथून थोड्याच अंतरावर मध्यप्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यांत होते. त्या दिवशीं भंडारा मुंबई राज्यांत आला, बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला, आणि कित्येक सुनांच्या माहेर-सासरामध्यें एक नवी रेषा उभी राहिली. रोटीबेटीचा व्यवहार त्या रेषेपाशीं थांबला नाहीं. दोहों बाजूंचे गुणदोष पाहणाऱ्या त्या सुनेला कोणी एका राज्याची वकिली आणि दुसऱ्याची निंदा करावयास सांगितलें नाहीं. राज्यांच्या बाबतींत जें इतकें सहज साधलें, तें राष्ट्रांच्या बाबतींत साधेल काय?

त्याच सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यांतील तिरोडी या गांवीं, या प्रश्नाची कठोर परीक्षा झाली. चीनच्या सैन्यांतील वांग ची नांवाचे एक सर्वेक्षक जानेवारी १९६३ मध्यें भारतीय हद्दींत पकडले गेले. वाट चुकून आपण तेथें आलों, असें त्यांचें म्हणणें. सीमेवरील युद्ध तेव्हां थांबलेलें होतें. कांहीं वर्षें तुरुंगांत गेल्यावर १९६९ सालीं न्यायालयाच्या आदेशानें त्यांची सुटका झाली, आणि त्यांना तिरोडीस आणून सोडण्यांत आलें. तेथें त्यांनीं पिठाच्या गिरणींत काम केलें. १९७५ सालीं तेथीलच एका मुलीशीं त्यांचें लग्न झालें, मुलेंबाळें झालीं. मात्र मायदेशीं जाण्याची परवानगी मिळण्यास २०१७ साल उजाडलें. तोंवर आई निवर्तून अकरा वर्षें लोटलीं होतीं. ज्या देशानें तुरुंगांत ठेविलें त्याच देशांतील स्त्रीनें त्यांचें घर उभें केलें. राज्यकर्त्यांचें वैर आणि माणसांचा संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें तेथें ग्रंथ वाचून कोणाला शिकावें लागलें नाहीं.

राज्यसंस्थांनीं मात्र हा प्रश्न एके काळीं फार सोप्या रीतीनें सोडविला होता: बायकोनें नवऱ्याच्या देशाचें व्हावें! अमेरिकेंत १९०७ सालच्या कायद्यानें परकीयाशीं विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचें नागरिकत्व जाई. १९२२ सालीं हा नियम सैल झाला. परंतु ज्या पुरुषाला वंशामुळें अमेरिकन नागरिक होतांच येत नसे, त्याच्याशीं लग्न करणाऱ्या स्त्रीला तो तसाच लागू राहिला. चिनी मनुष्य त्यांत मोडत होता. आणि १९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिल्यावर भारतीयही मोडूं लागला. १९३१ सालीं ही अट गेली. कायद्यानें निवड लादणें सोडलें, पण पुष्कळ घरांत तीच निवड अजून हंसतहंसत मागितली जाते: “तूं आमची कीं त्यांची?” या प्रश्नाला उत्तर नाहीं, कारण तो प्रश्नच अन्यायाचा आहे.

तो न विचारतांही संसार कसा होतो, हें पाहावयाचें तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें चरित्र आठवावें. जपाननें चीनवर आक्रमण केलें असतां काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते सप्टेंबर १९३८ मध्यें मुंबईहून निघाले. नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकांत होते. तेथें असतां वडील वारल्याची वार्ता आली, तरी डॉ. कोटणीस माघारे फिरले नाहींत. ते चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, आणि डॉ. बेथ्यून यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४१ सालीं गुओ छिंगलान या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षीं मुलगा झाला. त्याचें नांव ठेविलें ‘यिनहुआ’. यांतील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल तीन-चार महिन्यांचें असतांनाच, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, डॉ. कोटणीस वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं कालवश झाले.

गुओ छिंगलान १९५८ सालीं भारतांत आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. चारच वर्षांनीं त्यांच्या पतीचा देश आणि त्यांचा स्वतःचा देश रणांगणावर समोरासमोर उभे राहिले. १९६७ सालीं वैद्यकीचें शिक्षण घेत असलेला यिनहुआही गेला. नवरा नाहीं, मुलगा नाहीं, आणि दोन राष्ट्रांत वैर. नातें तुटावयास याहून आणखी कोणतें निमित्त हवें होतें? तथापि तें तुटलें नाहीं. पुढें त्या पुनःपुन्हां भारतांत येत राहिल्या, आणि २०१२ सालीं निवर्तेपर्यंत कोटणीस कुटुंबाशीं त्यांचा संबंध राहिला. १९६२ सालाविषयीं दोन्ही देशांचीं मतें आजही जुळत नाहींत. पण ज्या नात्याचा पाया सेवेवर घातला होता, त्याला मतैक्याची वाट पाहावी लागली नाहीं.

या उदाहरणांतून संसाराच्या उपयोगी पडेल असा एक नियम काढतां येतो. आपल्या देशाचे दोष आपण सांगावे, आणि जोडीदाराच्या देशाचे गुण आपण सांगावे. १९६२ सालीं भारतांत राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारें तीन हजार माणसांना, त्यांत कित्येक येथेंच जन्मलेलीं असतांही, राजस्थानांतील देवळीच्या छावणींत डांबण्यांत आलें. हा अन्याय होता, हें भारतीय नवऱ्यानें चिनी पत्नीच्या आधीं म्हणावें; तें तिच्यावर सोडूं नये. सीमेचा वाद शस्त्रानें सोडविण्याची घाई झाली, हें चिनी पत्नीनें म्हणावें. अमेरिकन जांवयानें १९०७ च्या कायद्याची लाज आपण होऊन सांगावी, आणि येथील रस्त्यांची घाण व जातिभेद यांची गोष्ट सासऱ्यानें जांवयाच्या आधीं काढावी. असें झालें म्हणजे दुसऱ्याला टीकेचें कामच उरत नाहीं, आणि अभिमानालाही कोणी डिवचीत नाहीं. ज्याला आपल्या देशाचा दोष उघड बोलतां येतो, त्याचाच अभिमान खरा. बाकीचा नुसता हट्ट.

येथें कोणी विचारील, मग जोडीदाराच्या देशावर टीका कधींच करूं नये काय? नुसत्या सौजन्यावर संसार चालत नाहीं. मनांत एक आणि ओठांवर दुसरें असें घर आंतून पोकळ होतें. टीका अवश्य करावी, पण तिचा अधिकार आधीं मिळवावा. त्या देशाची भाषा शिकावी, तेथील माणसांच्या सुखदुःखांत उभें राहावें. दोष दाखवितांना राज्यकर्ते कोणते आणि लोक कोणते हें वेगळें करावें. आणि ‘आमच्याकडे असें नसतें’ हें वाक्य कटाक्षानें टाळावें. कारण त्या वाक्यांत दुसऱ्याच्या दोषापेक्षां स्वतःचा मोठेपणाच अधिक असतो. शस्त्रवैद्यानें सुरी चालविली तर रोगी ती सोसतो. तोच नंतर जखम बांधणार आहे हें त्याला ठाऊक असतें. वाटेनें जाणाऱ्यानें तीच सुरी चालविली तर त्याला कोणी वैद्य म्हणत नाहीं.

सर्वांत अधिक जपावयाचें तें मुलांना. वडील माणसें वाद विसरतात, पानावरून उठतात, आणि संध्याकाळीं एकत्र चहा घेतात. पण शेजारीं बसलेलें मूल दोन्ही देशांचें असतें. एका देशाची थट्टा झाली म्हणजे तें आपल्या आईकडे पाहतें, दुसऱ्याची झाली म्हणजे वडिलांकडे. आणि आपण कोणत्या बाजूचे, असें मनांतल्या मनांत विचारूं लागतें. यिनहुआला हें विचारावें लागूं नये, म्हणून त्याच्या नांवांतच दोन्ही देश शेजारीं शेजारीं बसविले होते. प्रत्येक मुलाला असें नांव मिळेलच असें नाहीं. परंतु दोन्ही देशांविषयीं खरें आणि मायेचें बोलणें तरी त्याच्या कानीं पडावें. तेवढें करणें कोणत्याही घराच्या हातांत आहे.