गावाला आधी कळते



शिलाहारांनी १०६० साली बांधलेल्या शिवमंदिराच्या आणि अलीकडे कारखान्यांनी वाढलेल्या या अंबरनाथ नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. मंदिराशेजारची वालधुनी आपण पाहालच. २०१४ साली शेजारच्या उल्हासनगरात कोणीतरी टँकरभर रसायन तिच्यात सोडले आणि वडोल गावच्या शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले. दूषित जमिनींवरची ही परिषद इथेच भरावी, हा आमचा आग्रह त्यामुळेच होता.

नदीत सोडलेल्या रसायनाचा निदान वास येतो. जमिनीत मुरलेले कित्येक वर्षे उमगत नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड या रसायनाचे उत्पादन थोडाच काळ चालले. मागे २,४०० टनांहून अधिक विषारी गाळ राहिला. पावसाबरोबर तो झिरपला, विहिरींचे पाणी गडद झाले. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. तरी पैसे निघेनात! २०११ साली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरा, असे न्यायालयाला बजावावे लागले. तोवर बिछडीच्या शेतकऱ्यांनी कोणते पाणी प्यायचे होते?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम केले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची; पुढे सर्वेक्षण, सफाईचा आराखडा आणि दोषी ठरलेल्याकडून वसुली. उद्योजक मित्रांना माझे कळकळीचे सांगणे आहे, नोटिशीची वाट पाहू नका. भूखंड घेण्याआधी माती आणि बोअरचे पाणी तपासा. घातक कचरा कोणत्या गाडीने कुठे गेला, ते कागद रद्दीत घालू नका. गळती झाली तर आपणहून कळवा. लपवलेली गळती दर पावसाळ्यात पसरते आणि खर्चही तसाच वाढतो.

आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांनो, यादीतल्या जागा तपासताना आधी गावात जा. विहिरीचे पाणी बिघडल्याचे पहिल्यांदा तिथल्या बायकांना कळते. म्हणून आज पहिले मनोगत ग्रामपंचायत सदस्यांचे ठेवले आहे. उद्घाटनानंतर त्यांनीच सुरुवात करावी, ही विनंती.