पैनगंगेकाठचा नाका आणि विलायतेची वाटणी
(गोरेगाव येथील वार्षिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शिक्षणनिधीतील काही रक्कम हळदीच्या परदेशी व्यापारात गुंतवावी, अशी सूचना आपल्या काही उत्साही तरुणांनी केली आहे. सायंकाळच्या बैठकीत ती विचारास यावयाची आहे. विलायतेने युरोपीय संघ सोडला असून तेथे आता आपल्यासारख्यांना नवे दार उघडले आहे, असे या तरुणांचे म्हणणे आहे. तेव्हा एखादा देश व्यापारी संघातून बाहेर पडला म्हणजे मालाच्या देवघेवीचे काय होते, हे सभेपुढे मांडण्याची आज्ञा आम्हांस झाली. विषय दूरचा वाटतो. परंतु या गावाला तो परका नाही.

आपल्यातील जी मंडळी नव्वदीकडे झुकली आहेत, त्यांना करोडगिरीचा नाका आठवत असेल. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि रिसोड, वाशीम हा वऱ्हाडचा मुलूख इंग्रजी अमलाखाली होता. माती एक, बोली एक, सोयरीक एक. परंतु माल या बाजूचा त्या बाजूला न्यावयाचा तर गाडी नाक्यावर थांबे. कंपनी सरकार व निजाम यांच्यामधील 1802 च्या व्यापारी तहात मालावरील जकात शेकडा 5 ठरली होती. ही जकात देणे एक वेळ परवडे. त्रास होई तो पोती सोडून दाखविण्याचा, पावतीसाठी खोळंबण्याचा आणि नाकेदाराची मर्जी सांभाळण्याचा. त्यात नाणेही निराळे. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, हा हिशेब आपल्या आजोबांना तोंडपाठ होता.

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, तरी हैदराबाद संस्थान बाहेरच राहिले. नोव्हेंबर 1947 मध्ये जैसे थे करार झाला. परंतु त्यानंतर लवकरच निजाम सरकारने वटहुकूम काढून सोन्याचांदीच्या निर्गतीवर बंधन घातले आणि भारतीय चलन आपल्या हद्दीत कायदेशीर मानण्याचे नाकारले. दोन्ही बाजूंनी व्यवहार आखडत गेला. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला, पण जकातीचे नाके त्याच दिवशी उठले नाहीत. 'ब' वर्गातील राज्यांच्या अशा जकातींना राज्यघटनेच्या 306 व्या कलमाने जास्तीत जास्त 10 वर्षांची मुदत दिली होती. ते कलम 1956 मध्ये रद्द झाले. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले आणि पैनगंगेचे दोन्ही काठ व्यापारी दृष्टीनेही खऱ्या अर्थाने एक झाले. भिंत पडावयास एक दिवस लागतो; तिचा राडारोडा उचलावयास वर्षे लागतात, हा पहिला धडा.

आता विलायतेकडे वळू. युरोपीय संघ हे एका अर्थी मोठे एकत्र कुटुंब आहे. घरात आपसांत जकात नाही. बाहेरच्यांसाठी मात्र सर्वांचा दर एक, नियम एक आणि करारमदारही एकत्रच. ब्रिटन या कुटुंबात 1 जानेवारी 1973 रोजी आले. 23 जून 2016 च्या जनमतात शेकडा 51.9 मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. 31 जानेवारी 2020 रोजी ते विधिपूर्वक वेगळे झाले आणि 31 डिसेंबर 2020 रोजी संक्रमणकाळ संपून चूलही वेगळी झाली.

वाटणीपत्र बरे झाले होते. 24 डिसेंबर 2020 रोजी ठरलेल्या करारानुसार ब्रिटन व युरोप यांच्या स्वतःच्या मालावर परस्परांनी जकात लावावयाची नाही, असे ठरले. मग अडचण कोठली? अडचण 'स्वतःच्या' या शब्दात आहे. माल आपल्याच देशात उपजला अथवा पुरेसा घडला, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. भारतातून विलायतेत उतरलेला आणि तसाच पुढे फ्रान्सला पाठविलेला माल ब्रिटिश ठरत नाही. त्याला युरोपच्या दारात पुन्हा बाहेरचाच मानतात. पूर्वी लंडनला एकदा उतरलेला माल सर्व युरोपभर फिरे. आता दोन दारे, दोन दाखले आणि दोन तपासण्या. ब्रिटनच्या आपल्याच मुलखातील उत्तर आयर्लंडमध्ये तर मालाला बव्हंशी युरोपचेच नियम चालू राहिले. म्हणजे घराच्या आतच एक उंबरठा आला.

याचा अनुभव आपल्याही एका कुटुंबाने घेतला आहे. मुलगी लंडनला आणि तिची जाऊबाई जर्मनीत. दरवर्षी हळद, मेतकूट आणि पापड यांचा डबा लंडनला जाई व तेथून अर्धा पुढे रवाना होई. 2021 मध्ये तोच डबा सीमेवर अडला, कर व हाताळणीचा आकार मागण्यात आला आणि अखेरीस परत आला. आतील जिन्नसांच्या किमतीहून मागणी अधिक होती. मोठ्या व्यापाऱ्यास हा भार हजार पोत्यांवर वाटता येतो. लहानाच्या एका पोत्यावर तो सगळाच पडतो. हा दुसरा धडा, आणि आपल्यासारख्यांना तोच महत्त्वाचा.

ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचे अनुमान असे आहे की, संघात राहिले असते तर जेवढा झाला असता त्यापेक्षा त्या देशाचा आयात-निर्यात व्यापार दीर्घकाळात शेकडा 15 ने कमी राहील. त्याचबरोबर न्याय्य बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संघात असताना ब्रिटनला स्वतंत्र व्यापारी करार करता येत नव्हता. बाहेर पडल्यावर तो करता आला. 24 जुलै 2025 रोजी भारत व ब्रिटन यांच्या व्यापक करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. आपल्या तरुणांच्या आशेचे मूळ येथेच आहे आणि ती आशा निराधार नाही.

परंतु हळदीचा हिशेब निराळा आहे. हळकुंडावर युरोपात पूर्वीही जकात नव्हती. तेव्हा जकात उठण्याचा लाभ हळदीला कोठून मिळणार? हळदीची खरी भिंत प्रयोगशाळेत उभी आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे हळदीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष एका किलोत 10 मायक्रोग्रॅमहून अधिक चालत नाही. कीटकनाशकाचा अंश, शिशाचा अंश, रंग खुलविण्यासाठी केलेली भेसळ, हे सर्व तपासले जाते. शिवाय 2021 पासून कीटकनाशकांच्या मर्यादा ब्रिटन स्वतंत्रपणे ठरविते. म्हणून एका दारात उत्तीर्ण झालेला माल दुसऱ्या दारात उत्तीर्ण होईलच, असे गृहीत धरता येत नाही.

आणि ही परीक्षा बंदरावर सुरू होत नाही, ती आपल्या खळ्यावर सुरू होते. हळद शिजवून ओल्या जमिनीवर पसरली, रात्री दवात भिजू दिली, पुरती वाळण्याआधी पोत्यात भरली, की बुरशीला आमंत्रण गेले. कोणती फवारणी केव्हा केली याची नोंद नसेल, तर विचारणाऱ्यास आपण काय उत्तर देणार? वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमत येथे हळद संशोधन केंद्रही आहे. नाव आपल्या जिल्ह्याला मिळाले आहे; ते राखण्याचे काम मात्र प्रत्येकाच्या खळ्यावर आहे.

म्हणून आमचे नम्र मत असे आहे. शिक्षणनिधी हा गरीब विद्यार्थ्यांच्या हक्काचा पैसा आहे. तो अशा व्यापारात घालू नये, की ज्यात दूरच्या एका सरकारचा एक निर्णय नफ्याचे तोट्यात रूपांतर करू शकतो. त्याऐवजी ज्यांची इच्छा आहे अशा हळद उत्पादकांनी आपापली स्वतंत्र वर्गणी काढावी. ताडपत्री, वाळवणाचे पक्के ओटे आणि फवारणीची वही यांपासून आरंभ करावा. एका हंगामातील माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. माल उतरला, तर ग्राहक विलायतेचा असो, जर्मनीचा असो वा मुंबईचा, तो आपण निवडू. एकाच दारावर भरवसा ठेवू नये. निधीने मात्र एक करावे: आपल्या एखाद्या होतकरू मुलास अथवा मुलीस आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे शिक्षण द्यावे. नाक्यावर ज्याला कागद वाचता येतो, त्याचीच गाडी आधी सुटते.

तरुणांचा हिरमोड करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी विचार केला, म्हणून आज एवढी चर्चा होत आहे. आपल्या आजोबांची गाडी वऱ्हाडच्या सीमेवर अडली, म्हणून त्यांनी बाजार सोडला नाही. नाका ओळखून ते बाजाराला जात राहिले. आपणही तसेच करू. निर्णय अर्थातच सभेचा आहे. तो पूर्ण विचारान्ती व्हावा, एवढीच विनंती.