खुशालीचे कार्ड

प्रवासाला गेलेल्या माणसाची खुशाली घरी कशी कळावी, हा प्रश्न प्रवासाइतकाच जुना आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा सर झाला आणि तानाजी पडले. त्यांचा देह मढे घाटाने सह्याद्रीखाली उतरवून उमरठला आणला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी आजही तेथे आहे. त्या काळी ना टपाल होते, ना तार. जी वार्ता घरी यायची, ती माणसाच्या पायांनी यायची. आणि कित्येकदा वार्ता व माणूस दोन्ही एकदमच दारात येत.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनी याच रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले व बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. घरच्या माणसांना त्या दिवसांत वाट पाहण्यापलीकडे फारसे काही हाती नव्हते. आज तसे नाही. उमरठवरून ढवळे गावी जाऊन चंद्रगड चढणारी मुंबई-पुण्याची तरुण मंडळी हीच पुढे एके दिवशी नेपाळात हिमालय चढावयास जातात, कोणी स्पेनमध्ये महिनाभर चालत राहतात. आणि त्यांची खुशाली नखाएवढ्या एका चकतीवर अवलंबून असते. त्या चकतीला सिमकार्ड म्हणतात. पायी परदेशप्रवास करणाऱ्याने ते कसे घ्यावे, कोणते घ्यावे आणि त्यावर किती विसंबावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, कार्डात आपला दूरध्वनी क्रमांक साठविलेला असतो. वास्तविक त्यात असते ती ग्राहकाची ओळख. तो बहुधा पंधरा अंकांचा एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारताचे ४०४ किंवा ४०५, नेपाळचे ४२९. पुढील अंक कंपनी सांगतात आणि उरलेले ग्राहक. या क्रमांकाबरोबर कार्डात एक गुप्त किल्ली असते. तिची दुसरी प्रत फक्त कंपनीपाशी असते. हँडसेट टॉवरशी बोलू लागला की कंपनी एक कोडे घालते. कार्ड आपल्या किल्लीच्या साह्याने त्याचे उत्तर देते. परंतु किल्ली स्वतः कधीच बाहेर पडत नाही. उत्तर जुळले तर दार उघडते. किल्लेदाराने परवलीचा शब्द विचारावा आणि मगच दिंडी उघडावी, तसाच हा प्रकार.

असे पहिले कार्ड १९९१ साली म्युनिच येथील गीझेके आणि डेव्ह्रिएंट या कंपनीने फिनलंडमधील एका दूरध्वनी कंपनीसाठी तयार केले. पुढे १९९५ साली पोर्तुगालमध्ये ‘आधी पैसे, मग बोलणे’ या तत्त्वावरचे कार्ड निघाले. त्यालाच आपण प्रीपेड म्हणतो. त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्त्याहून दिल्लीस भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले. परदेशी पाहुण्याला प्रीपेड कार्ड सोयीचे का, हे उघड आहे. ज्याचा त्या देशात पत्ता नाही व जो महिन्याने निघून जाणार आहे, त्याला उधारीने सेवा कोण देणार? आगाऊ पैसे घेतले की कंपनीला धोका नाही आणि प्रवाशालाही घरी परतल्यावर अवाच्या सवा बिल येण्याची धास्ती नाही.

येथे कोणी विचारील की, आपलेच भारतीय कार्ड परदेशी का चालवू नये? चालते. त्याला रोमिंग म्हणतात. विमानाने जाऊन चार दिवसांत परतणाऱ्याला तेच सोयीचे. पायी चालणाऱ्याची गोष्ट निराळी. तो एका देशात तीन-चार आठवडे राहतो आणि तोही शहरांपासून दूर. भारतीय कंपनीचा करार तेथील ज्या कंपनीशी असेल, तिचे टॉवर त्याच्या पायवाटेवर असतीलच असे नाही. म्हणून कार्ड निवडताना ‘स्वस्त कोणते’ हा प्रश्न दुसरा. ‘माझ्या वाटेवर कोणते चालते’ हा पहिला. हा प्रश्न दुकानदाराला विचारून भागत नाही, कारण दुकान शहरात असते. त्याच वाटेने नुकताच उतरून आलेला प्रवासी किंवा तेथील वाटाड्या यांनाच तो विचारावा.

आता आपल्या सर्वांत जवळच्या परदेशाकडे वळू. भारतीय माणूस सोनौली किंवा रक्सौल येथे अक्षरशः चालत सीमा ओलांडून नेपाळात जाऊ शकतो. त्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. आधार कार्ड मात्र सर्वसाधारण वयाच्या प्रवाशाला या कामी चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. सिमकार्ड घेताना अर्ज, छायाचित्र व ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. तेथे पासपोर्ट जवळ असल्यास काम सुलभ होते. नेपाळ टेलिकॉम व एनसेल या तेथील दोन मोठ्या कंपन्या. एव्हरेस्टच्या वाटेवरील गोरकशेप येथे, म्हणजे समुद्रसपाटीपासून ५,००० मीटरांहून अधिक उंचीवर, एनसेलने २०१० साली आपली यंत्रणा उभी केली. अन्नपूर्णा व लांगटांगकडील आडवाटांवर नेपाळ टेलिकॉमचा भरवसा अधिक, असा चालणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव. एकाच कार्डावर सारा नेपाळ पार होईल असे नाही. दोघे-तिघे बरोबर असतील तर प्रत्येकाने निराळ्या कंपनीचे कार्ड घ्यावे, यात मोठे शहाणपण आहे.

कार्ड काठमांडूस किंवा पोखऱ्यास, दुकानातच, चालू करून घ्यावे. तेथूनच घरी एक फोन लावावा आणि घरून उलट फोन येतो की नाही तेही पाहावे. अमेरिकेतील नातलगाने प्रेमाने पाठविलेला हँडसेट असेल तर विशेष जपावे. असे हँडसेट कित्येकदा तिकडच्या एकाच कंपनीशी जखडलेले असतात व दुसऱ्या कंपनीचे कार्ड स्वीकारीत नाहीत. हा दोष दुकानात कळला तर उपाय आहे. डोंगरात कळला तर नाही. कार्डाला गुप्त अंक ठेवला असेल तर तो तीनदा चुकल्यावर कार्ड कुलूपबंद होते व आठ अंकी दुसरा क्रमांक मागते. ज्या पुठ्ठ्यावर तो छापलेला असतो, तोच आपण कचरा म्हणून फेकून देतो. तो पुठ्ठा पासपोर्टाबरोबर जपून ठेवावा.

घरच्या माणसांसाठीही एक सूचना आहे. नेपाळचा मोबाइल क्रमांक आपल्यासारखाच दहा अंकी असतो आणि पुष्कळदा ९८ नेच सुरू होतो. त्यामागे ९७७ हा देशाचा अंक न लावता फोन केला, तर तो भारतातच कोणा तिऱ्हाइताला जाऊन लागतो. तो गृहस्थ ‘येथे असा कोणी नाही’ म्हणतो आणि इकडे आईच्या काळजाचा ठोका चुकतो. हा घोळ टाळण्यासाठी निघण्यापूर्वीच पूर्ण क्रमांक लिहावयास शिकवावे. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते, हेही सांगून ठेवावे.

युरोपात निराळी सोय आहे. स्पेनमधील सांतियागोची यात्रा म्हणजे तिकडची वारीच. तिचा प्रसिद्ध मार्ग फ्रान्समधील सेंट-झां-पिए-द-पोर येथून निघतो, पिरेनीज पर्वत ओलांडतो आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून पुरा होतो. पहिल्याच मजलेत देश बदलतो. परंतु १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात असा नियम आहे की, एका सदस्य देशाचे कार्ड दुसऱ्या सदस्य देशात प्रवासापुरते घरच्याच दराने चालावे. त्यामुळे सीमा ओलांडताना कार्ड बदलावे लागत नाही. ब्रिटन व स्वित्झर्लंड मात्र या नियमाबाहेर आहेत. तेथील दर कार्ड घेतानाच विचारावेत.

या यात्रेचा एक हिशेब सांगण्याजोगा आहे. रोज २५ किलोमीटर चालले तरी ७८० किलोमीटरांना एकतीस-बत्तीस दिवस लागतात; विश्रांतीचे दिवस निराळेच. प्रीपेड पॅक बहुधा २८ किंवा ३० दिवसांचा असतो आणि त्याचे दिवस कार्ड चालू झाल्यापासून मोजले जातात. म्हणजे विमानतळावर उत्साहाने घेतलेला पॅक यात्रेचे शिखर दिसण्याआधीच संपतो. म्हणून पुन्हा रिचार्ज कसे करावयाचे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. तेथेही पासपोर्ट दाखविल्याशिवाय कार्ड मिळत नाही.

परदेशी कार्ड घेतले म्हणून भारतीय कार्ड काढून टाकू नये. आज बँकेचे पुष्कळ व्यवहार संदेशाने येणाऱ्या ओटीपीवाचून होत नाहीत आणि तो बहुधा भारतीय क्रमांकावरच येतो. दोन कार्डांचा हँडसेट असेल तर भारतीय कार्डावर केवळ संदेश घ्यावेत व त्याचे इंटरनेट बंद ठेवावे. इंटरनेट परदेशी कार्डावर चालवावे. हल्ली ई-सिम निघाले आहे. त्यात चकती नसते; ओळख हँडसेटमध्येच उतरवून घेता येते. सोय मोठी आहे. परंतु हँडसेट दगडावर आपटून फुटला तर चकती काढून सोबत्याच्या फोनमध्ये घालता येते, ई-सिम तसे काढता येत नाही. पायी चालणाऱ्याने हा भेद विसरू नये.

परतताना ‘आता आपल्याला काय उपयोग’ असे म्हणून चालू कार्ड कोणा अनोळख्याच्या हाती देण्याचा मोह होतो. तो आवरावा. कार्ड आपल्या नावावर आहे. त्यावरून जे बोलले जाईल, ते सरकारदरबारी आपणच बोललो असे ठरेल.

येथवर कार्डाचे गुण झाले. आता त्याची मर्यादा. जुन्या पद्धतीच्या मोबाइल टॉवरचा पल्ला फार तर ३५ किलोमीटर. परंतु मध्ये डोंगर आला की एक किलोमीटरही पुष्कळ. खिंडीत रेंज असते, दरीत नसते. शिवाय टॉवरला वीज लागते. उमरठच्या परिसराने हे फार दारुण रीतीने पाहिले आहे. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातील साखर-सुतारवाडी व केवनाळे येथे आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरडी कोसळल्या. एकट्या तळिये गावी ऐंशीहून अधिक माणसे दगावली. रस्ते तुटले, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. आणि मदतीची हाक बाहेर पोचावयासच वेळ लागला. नेपाळात २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास भूकंप झाला, त्या वेळीही सर्वांनी एकदम फोन लावल्याने वाहिन्या तुंबल्या. अशा वेळी बोलण्याचा हट्ट न धरता दोन शब्दांचा संदेश पाठवावा. त्याला जागा थोडी लागते आणि वाट मोकळी होताच तो आपोआप पुढे जातो. काही जण अशा प्रसंगासाठी उपग्रहाशी बोलणारे यंत्र घेऊन जातात. ते घेण्यापूर्वी हे जाणावे की, भारतात सरकारी परवान्यावाचून असे यंत्र बाळगणे गुन्हा आहे. परतताना विमानतळावर अडचण ओढवते.

तेव्हा खरी व्यवस्था कार्डात नसून घरच्यांशी केलेल्या करारात आहे. निघण्यापूर्वी मुक्कामांची यादी तारखांसह लिहून घरी ठेवावी. कोणत्या मुक्कामी रेंज असेल व कोठे नसेल, ते तीत नमूद करावे. ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत माझा फोन येणार नाही, त्या मौनाचा अर्थ वाईट धरू नका, परंतु त्यापुढे दोन दिवस उलटले तर या वाटाड्याला व या दूतावासाला कळवा,’ असे स्पष्ट लिहावे आणि त्यांचे क्रमांक खाली द्यावेत. हे न करणारा प्रवासी रोज फोन करतो. आणि एके दिवशी दरीत रेंज गेली की घरात चूल पेटत नाही. करार करणारा चार दिवस गप्प राहिला तरी घरी दिवा लावून माणसे शांतपणे जेवतात.

कार्डाची किंमत थोडक्या रुपयांत असते. त्या यादीला तर एक कागद पुरतो. परमुलखात पाऊल टाकणाऱ्याने दोन्ही घ्यावीत. कार्ड आपल्याजवळ ठेवावे आणि कागद देवघराशेजारच्या भिंतीवर, घरातील सर्वांत वडील माणसाला चष्म्यावाचून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, लावून जावा.