अब्रुझ्झो : मेंढरांच्या वाटेवरचा मुलूख



इटलीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे रोमचे भग्न अवशेष, व्हेनिसचे कालवे आणि फ्लॉरेन्सची चित्रे उभी राहतात. आज मी आपल्याला यांपैकी कोठेही नेणार नाही. रोमहून पूर्वेकडे मोटारीने दीड-दोन तास गेले की डोंगरांत दडलेला एक प्रांत लागतो. त्याचे नाव अब्रुझ्झो. क्षेत्रफळाने तो आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. वस्ती पावणेतेरा लाखांच्या आसपास. अशा आडबाजूच्या मुलखासाठी वसंतातली एक संध्याकाळ का खर्चावी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, माणसाच्या ताटात काय पडते हे त्याच्या पायाखालची जमीन आणि त्याचे काम ठरवीत असते, ही गोष्ट या मुलखात जितकी उघड दिसते तितकी फार थोड्या ठिकाणी दिसत असेल. आणि ते काम थांबल्यावर गावाचे काय होते, हेही तेथेच दिसते.

आपला या भूमीशी अगदीच संबंध नाही असेही नाही. १९४३ च्या हिवाळ्यात याच प्रांतातल्या सांग्रो नदीकाठी आठवी भारतीय डिव्हिजन जर्मनांशी लढली. मराठा पलटणीच्या युद्धसन्मानांत ‘सांग्रो’ हे नाव आहे. तेथील युद्धस्मशानभूमीत पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक उभारलेले आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, असे हे सैनिक. इटलीच्या सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी किती जण तेथवर पोचत असतील?

आता मुलखाकडे वळू. मधोमध ग्रान सास्सो नावाचा पर्वत आहे. या नावाचा अर्थच मुळी ‘मोठा धोंडा’. त्याचे सर्वोच्च शिखर २,९१२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिकच. त्याच्या कुशीत काल्देरोने नावाची हिमनदी होती. ती आक्रसत आक्रसत २००० साली दुभंगली, आणि आज तिला हिमनदी म्हणणेही जड जाते. पर्वताच्या पायथ्याशी कांपो इंपेरातोरे हे समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवरचे विस्तीर्ण पठार पसरलेले आहे. उन्हाळ्यात ते हिरव्या गालिच्यासारखे दिसते. हिवाळ्यात त्यावर बर्फाशिवाय काही नसते. या एका गोष्टीतून प्रांताचा सारा इतिहास निघाला. उन्हाळ्यात भरपूर गवत, हिवाळ्यात काडीही नाही. मग मेंढरांनी जायचे कोठे?

मेंढरे दक्षिणेला चालत जात. शरद ऋतू लागला की कळप डोंगर उतरत, आणि पुल्यिया प्रांतातल्या फोज्जा शहराच्या सपाट, उबदार मैदानात हिवाळा काढीत. वसंतात पुन्हा वर. या वाटांना ‘त्रात्तूरो’ म्हणत. लाक्विला ते फोज्जा ही सर्वांत मोठी वाट २४४ किलोमीटर लांब, आणि तिची रुंदी १११ मीटर! आपल्याकडच्या भल्या मोठ्या महामार्गालाही लाजवील एवढी रुंदी, आणि ती केवळ मेंढरांसाठी. कारण चालता चालता त्यांना चरताही यावे. १४४७ साली राजा आल्फोन्सोने या व्यवहारासाठी स्वतंत्र सरकारी खातेच काढले. चराईचा कर हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. ते खाते १८०६ पर्यंत चालले.

फलटण-माणकडचे आपले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, ते येथे कोणालाही आठवेल. तऱ्हा तीच. फरक एवढाच की आपला धनगर कोरड्या माळावरून चाऱ्याच्या शोधात निघतो, आणि तिकडचा बर्फापुढून पळ काढतो. पण एक गोष्ट विसरू नये. अब्रुझ्झोचा मेंढपाळ बायकामुलांना घरीच ठेवून जाई. वर्षातले सात-आठ महिने ही डोंगरी गावे बायकांची, म्हाताऱ्यांची आणि लेकरांची असत. शेत, जळण, आजारपण सारे त्या बाईच्या माथ्यावर.

या जीवनातून तिकडचे जेवण आले. मेंढी ही दुधासाठी आणि लोकरीसाठी. तिला सहजासहजी कापायची नाही. म्हातारी किंवा लंगडी झालेली मेंढी मात्र तांब्याच्या मोठ्या हंड्यात रानातल्या पाल्यासह तासन्‌तास शिजवीत. ‘आरोस्तीचीनी’ हा तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे मटणाचे अगदी बारीक तुकडे काडीत ओवून पन्हळीसारख्या लांब, अरुंद शेगडीवर भाजायचे. निखाऱ्याची धग तुकड्यांना लागते, काडीचे टोक बाहेर राहते. आज ते सणाचे खाणे झाले आहे. मांस घरी नसे, तेव्हा शिळा पाव, चीज आणि अंडे मळून त्याचे गोळे करीत आणि ते तळून टोमॅटोच्या रश्शात सोडीत. फारिंदोला गावात मेंढीच्या दुधाचे चीज करताना दूध धरण्यासाठी डुकराच्या जठरातला अर्क वापरतात, आणि हे चीज परंपरेने बायकांच्या हातचे. पुरुष डोंगरात असत, हे आपण आत्ताच पाहिले.

तेरामो शहरात १ मे रोजी ‘ले विर्तू’ करतात. विर्तू म्हणजे सद्गुण. हिवाळ्यात डब्यांच्या तळाशी उरलेली निरनिराळी कडधान्ये, मोडक्यातोडक्या शेवयांचे प्रकार, आणि त्यात वसंतातली कोवळी नवी भाजी, असे सारे एका भांड्यात शिजवायचे. आपल्या ऋषीच्या भाजीची आठवण व्हावी असाच हा पदार्थ. सद्गुण कोणाचा? काहीही वाया न घालवता हिवाळा पार पाडणाऱ्या गृहिणीचा.

आणि याच्या अगदी उलट गोष्ट केशराची. नावेल्लीच्या पठारावर शतकानुशतके केशर पिकते. ऑक्टोबरात फुले उमलण्यापूर्वी, पहाटेच्या गारठ्यात ती खुडायची. घरी बसून एकेका फुलातले तीन तंतू वेगळे करायचे. निखाऱ्यांवर बेताने सुकवायचे. किलोभर केशराला दीड ते दोन लाख फुले लागतात. मौज अशी की, तिथल्या जुन्या स्वयंपाकात केशर जवळजवळ नाहीच! ते बाजारात जाई आणि श्रीमंतांच्या पातेल्यात पडे. पिकविणाऱ्याच्या ताटात मसूर. पण मसूरही असा की विचारू नका! सांतो स्तेफानो दी सेस्सानियो गावाचा बारीक, काळपट मसूर न भिजवता शिजतो, आणि आज चोखंदळ लोक त्याला शोधत येतात.

निसर्गाचीही हीच कथा. १९२३ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. आज प्रांतात तीन राष्ट्रीय उद्याने आहेत. येथले तपकिरी अस्वल जगात दुसरीकडे नाही, आणि त्यांची संख्या पन्नास-साठच्या आसपासच आहे. १९७० च्या सुमारास सबंध इटलीत लांडगे शंभरेक उरले होते. ते तगले त्यांत या डोंगरांचा मोठा वाटा. आता ते पुन्हा हजारोंनी वाढले आहेत. म्हणून मेंढपाळाच्या पांढऱ्या, झुबकेदार कुत्र्याच्या गळ्यात अजूनही खिळ्यांचा पट्टा असतो.

पण मेंढपाळ कोठे आहे? १८६५ च्या कायद्याने दक्षिणेकडचे चराऊ मैदान नांगराखाली जाण्यास मोकळे झाले. लोकरीचा भाव गेला. माणसे अमेरिकेला गेली, पुढे बेल्जमच्या खाणींत गेली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या कोळशाच्या खाणीला आग लागून २६२ माणसे मेली. त्यांतले १३६ इटालियन, आणि त्यांतले बरेचसे एकट्या अब्रुझ्झोचे. मानोप्पेल्लो या एका गावानेच वीसहून अधिक माणसे गमावली. आकाशाखाली २४४ किलोमीटर चालणाऱ्यांचे वंशज जमिनीच्या पोटात गुदमरले, याहून करुण ते काय? आणि ६ एप्रिल २००९ च्या पहाटे लाक्विला भूकंपाने हादरले. ३०९ माणसे गेली. सांतो स्तेफानोचा मध्ययुगीन बुरूजही कोसळला.

तो बुरूज आता पुन्हा बांधला आहे. त्या गावातली ओस घरे डागडुजी करून पाहुण्यांच्या खोल्या केल्या आहेत. जुने दगड, जुनी धुरकटलेली छपरे तशीच ठेवली आहेत. गाव देखणे आहे. पण वर्षभर राहणारी माणसे शंभराच्या आसपास. २०१९ साली मेंढरांच्या या ऋतुस्थलांतराला युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानपत्राने गवत चरले जात नाही. कळप गेले की कुरणात झुडपे माजतात, गवत गेले की चीज गेले, चीज गेले की बाई गाव सोडते, आणि शेवटी मसूर पेरायला कोणी उरत नाही. ही साखळी आहे. तिची एकच कडी काचेच्या कपाटात ठेवून भागत नाही.

तरीही काही तरुण परतताहेत. कोणी पुन्हा मेंढ्या पाळतो, कोणी आजोबांचे केशराचे वाफे उकरतो. त्यांना टिकवायचे ते तिथले सरकार पाहील, आणि तिथे जाणारा प्रवासीही पाहील. प्रवासी म्हणजे आपणही आलो. तेव्हा ताटात आरोस्तीचीनी येतील त्या वेळी ‘किती रुचकर!’ एवढेच म्हणून थांबू नका. ही मेंढी कोणत्या डोंगरावर चरली, ती राखणारा कोण, आणि हिवाळ्यातही त्याच्या घरात दिवा लागतो का, एवढे विचारा. लाक्विलाला गेलात तर शहराजवळून निघणारी ती रुंद, गवताळ वाट पाहा. तिच्यावर थोडे चाला. आणि हाच प्रश्न घाट उतरणाऱ्या आपल्या धनगराला विचारायला इटलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही.