मागच्या चाकाचा आवाज

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे.)



सूत्रसंचालकांनी मला सांगितलं, ‘तू तुझ्या धंद्यातलं काहीतरी बोल, लोकांच्या उपयोगाचं.’ माझ्या आधी आपल्यातले डॉक्टर बोलले, बँकेतले बोलले, अमेरिकेहून आलेली आपली मैत्रीण बोलली. आता मेकॅनिक बोलणार. शाळेत असताना मी या स्टेजवर एकदाच चढलो होतो, तेही सतरंज्या उचलायला. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय साधा आहे. जुन्या गाडीच्या मागच्या ब्रेकमधून आवाज येतो, त्याचं काय करायचं. पण हा विषय मी निवडला त्याला कारण आहे, आणि ते कारण पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेलं आहे. आपले गणिताचे सर. सर, तुमची परवानगी मी सकाळी घेतली आहे.

गोष्ट २००४ च्या पावसाळ्यातली. आयटीआय करून, औरंगाबादला चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे करून मी कन्नडला परत आलो होतो आणि चाळीसगाव रोडला पत्र्याचं शेड टाकलं होतं. सरांकडे १९९६ ची मारुती ८०० होती, सेकंडहँड घेतलेली, पांढरी. एका शनिवारी सर आले. म्हणाले, ‘ब्रेक दाबला की मागून डाव्या बाजूला चूंऽ असा आवाज येतो. दोन दिवसांनी बघितलंस तरी चालेल.’ मी म्हटलं, ‘दोन दिवस कशाला सर, चहा होईपर्यंत करून देतो.’

आणि चहा होईपर्यंत करून दिलं. ड्रम काढला. लायनर काळे, चकचकीत झालेले. खालच्या बाजूला काळी ओलसर धूळ साचलेली. मला वाटलं, पाण्यातून गाडी गेली असेल. लायनर पेट्रोलने धुतले, काचपेपर मारला, बसवून दिले. ब्रेक ऑइलच्या डबीत बघितलं तर ऑइल जरा कमी होतं, तेही भरून टाकलं. एक चक्कर मारली, आवाज गायब. सरांकडून पैसे घेतले नाहीत. वर ऐट अशी की गुरुदक्षिणा दिली.

तीन आठवड्यांनी सर आणि काकू चाळीसगाव स्टेशनला निघाले, मुलीला गाडीवरून आणायला. आपला घाट तुम्हाला सांगायला नको. ज्या औट्रम साहेबाच्या नावाचा हा घाट, तो इंग्रज लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात खानदेशात भिल्ल पलटणीवर होता. त्याच्या काळापासून हा घाट माणसाची परीक्षा घेत आला आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळल्या तेव्हा टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने तो बघितला. तर पाऊस, धुकं, पुढे ट्रकांची रांग, आणि उतारावर सरांचं ब्रेकचं पेडल एकदम खोल गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खोल.

सरांनी काय केलं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. पंप केल्यासारखं पेडल मारत राहिले, थोडा ब्रेक लागत होता. गाडी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरला ओढली. हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडी हळूहळू वर घेतली, झटक्यात नाही. आणि डोंगराच्या बाजूने गाडी घासत नेऊन नालीत उभी केली. दरीची बाजू दहा-बारा फुटांवर होती. काकूंच्या कपाळाला खोक पडली, बाकी काही नाही. घाट चढून येणाऱ्या एका ट्रकच्या क्लीनरने मला गॅरेजवर येऊन निरोप दिला. मोबाइल तेव्हा माझ्याकडे नव्हता.

मी पोचलो, चाक काढलं, ड्रम काढला, आणि मला माझी चूक समोर दिसली. व्हील सिलिंडर गळत होता. ड्रमच्या आत वरच्या बाजूला हा बोटभर सिलिंडर असतो. पेडल दाबलं की ऑइलच्या जोराने तो दोन्ही लायनर बाहेर ढकलतो. त्याच्या टोकांना रबरी टोप्या असतात. ती टोपी नखाने जरा उचलून बघायला पाच सेकंद लागतात. आत ओल असली की सिलिंडर गेला. मी शनिवारी ती उचलली नव्हती. ती ओलसर धूळ म्हणजे पाणी नव्हतंच, ब्रेक ऑइल होतं. डबीत ऑइल कमी का आहे हेही मी स्वतःला विचारलं नव्हतं. ब्रेक ऑइल गाडी पीत नाही. लायनर झिजले की डबीतली पातळी थोडी उतरते, नाहीतर ते कुठेतरी गळतंय.

मग मला वाचवलं कशाने? दोन गोष्टींनी. ब्रेकच्या ऑइलच्या लाइनी दोन असतात. एक रिकामी झाली तरी दुसरी उरते, पेडल मात्र खोल जातं. आणि हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही. उरलेलं सरांनी वाचवलं.

सर नालीच्या कडेला छत्री धरून उभे होते. रागावले नाहीत. मला म्हणाले, ‘अरे, तू उत्तर लिहिलंस, रीत लिहिली नाहीस.’ ज्यांनी सरांकडून पेपर तपासून घेतले आहेत त्यांना या वाक्यात किती मार्क कापले गेले ते कळेल. काकूंना मी आजही तोंड वर करून बघू शकत नाही. त्या मात्र दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात.

तर आता रीत सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात वडिलांची जुनी गाडी उभी आहे, मला माहीत आहे. विकवत नाही आणि चालवायची भीती वाटते.

पहिलं काम, पान्याला हात लावायच्या आधी आवाज ऐका. ब्रेक दाबल्यावरच येतो, की न दाबताही येतो? न दाबता घूंऽ असा येत असेल, वेगाबरोबर वाढत असेल आणि ब्रेक लावल्याने त्यात फरक पडत नसेल, तर तो बहुतेक ब्रेक नाहीच, चाकाचं बेअरिंग आहे. आपल्याच एका मित्राच्या गाडीला शहरातल्या एका गॅरेजने सहा महिन्यांत दोनदा नवे लायनर टाकले. आवाज तिथेच. माझ्याकडे आल्यावर चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं आणि स्प्रिंगवर बोट ठेवलं, खरखर बोटाला लागली. बेअरिंग बदललं, संपलं. मित्राचं नाव सांगत नाही, तो आता हसतोय त्यावरून ओळखा.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की पहिल्यांदा हलवताना कट् असा आवाज होतो आणि मग थोडा वेळ खरखर. ड्रमला आतून गंज चढतो, लायनर त्याला चिकटतात. चार-सहा ब्रेक मारले की गंज पुसला जातो. याला गॅरेज नको. फक्त जून ते सप्टेंबर गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

ब्रेक दाबल्यावर चूं असा बारीक आवाज म्हणजे लायनर चकाकले आहेत, किंवा धूळ साचली आहे, किंवा लायनर जिथे टेकून सरकतो त्या मागच्या पत्र्यावरच्या जागा कोरड्या पडल्या आहेत. खर्रर्र असा लोखंडावर लोखंडाचा आवाज आला तर गाडी त्याच दिवशी उभी करा. लायनर संपला आहे. रिबिटवाला असेल तर रिबिट, चिकटवलेला असेल तर खालची लोखंडी पाटी ड्रम कोरते आहे. आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर फुस्-फुस्-फुस् असं लयीत लागत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही. तो लेथवर टर्निंग करून घ्यावा लागतो. पण ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा कोरलेला असतो; त्याच्या पुढे गेलेला ड्रम भंगारातच. टर्नर म्हणेल, ‘अजून एक फेरा निघतो की.’ ऐकू नका.

आता उघडायचं. जागा सपाट हवी. मारुती ८०० ला इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर, म्हणून गिअर टाकला की पुढची चाकं धरतात. तरी पुढे दगड लावाच. हँडब्रेक सोडायचा, नाहीतर ड्रम निघणार नाही. नुसत्या जॅकवर विश्वास नाही, खाली स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा. ड्रम अडला तर हँडब्रेकची तार ढिली करा. हातोड्याने कडेला ठोकत बसू नका, ड्रम बिडाचा असतो, तडकतो.

आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, हे मी हात जोडून सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. आम्ही पोरं तेव्हा मोठ्या फुशारकीने फुंकायचो. पाण्याने भिजवून फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

मग रबरी टोपी उचला. हो, दोन्हीकडची. ओल दिसली तर किट किंवा अख्खा सिलिंडर बदला, आणि ऑइलने भिजलेले लायनर फेका. धुऊन, जाळून, काचपेपर मारून ते परत येत नाहीत. लायनर आतपर्यंत ऑइल पितो, आणि तापला की ते वर येतं. बदलताना दोन्ही चाकांचे चारही लायनर एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. स्प्रिंगाही नव्या घ्या. थकलेली स्प्रिंग लायनर मागे ओढत नाही, आणि तो सारखा घासत राहतो. काढायच्या आधी जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा. एक बाजू उघडली की दुसरी जशीच्या तशी ठेवा, बघून जोडता येते. मागच्या पत्र्यावरच्या टेकायच्या जागी उष्णता सहन करणारं ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं लावा. लायनरला आणि ड्रमला ग्रीसचं बोट लागता कामा नये.

सिलिंडरला हात लागला असेल तर लाइनमधली हवा काढावी लागते, हे एकट्याचं काम नाही. घरात कुणीतरी पेडलवर बसवा. माझ्याकडे हे काम बायको करते आणि ‘दाबू का, सोडू का’ असं विचारून विचारून मला वैताग आणते, पण चुकत कधीच नाही. ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये असा नियम आहे. पाणी शोषलेल्याला तोच नियम १४० अंशांचा. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ही उष्णता सहज गाठली जाते, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल खोल जातं. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे आपल्यात दोघे-तिघे आहेत, मला माहीत आहेत. जेवणाच्या वेळी भेटा.

सरांची मारुती अजून आहे. सर आता चालवत नाहीत, नातू चालवतो. काल रात्री ती माझ्याकडे होती, कारण नातवाला सर आणि काकूंना घेऊन आज संध्याकाळी चाळीसगावला जायचं आहे. मागचे दोन्ही ड्रम मी स्वतः उघडले, चारही टोप्या उचलून बघितल्या. कोरड्या आहेत. उजव्या बाजूची एक स्प्रिंग ढिली वाटली, ती बदलली. सर, गाडी मैदानाच्या फाटकाशी लावली आहे आणि चावी काकूंकडे दिली आहे.