काचेतून उतरणारा उजेड

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सुभानपुरा, वडोदरा येथे दिलेले व्याख्यान)



काचेच्या कलेविषयी बोलावे, असे कार्यवाहांनी सुचविले तेव्हा प्रथम संकोच वाटला. ग्रंथालयाच्या उत्सवात काचेचे काय प्रयोजन? परंतु आपण बडोदेकर. आपल्या शेजारच्या अलेंबिकच्या काचकारखान्यातून निघालेले येराचे पेले एकेकाळी घरोघरी होते. काच आपल्याला परकी नाही.

कागदावरचा रंग अंगावर पडलेला प्रकाश परतवतो. रंगीत काच त्याला आरपार जाऊ देते. तिचा रंग बहुधा भट्टीतच काचरसात मिसळतात. कोबाल्टने गडद निळा, तांब्याने हिरवट निळा, आणि भट्टीतील हवा कमी केली की त्याच तांब्याने तांबडा! हे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून खिडकी सिद्ध होते. दिवसा बाहेरून ती काळपट दिसते. आत पाऊल टाकल्यावरच ती उजळते. सूर्य कलतो तसे तिचे रंग भिंतीवरून जमिनीवर सरकतात. सारे दालनच तिचे चित्रफलक होते.

१८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये हा अनुभव येतो. वर रंगीत काचांच्या खिडक्या, खाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझॅकची जमीन. तिथे काच वैभव मिरवते.

त्याच सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयाची योजना आखली. मांडवीतील मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरचा उजेड तिच्यातून खालच्या मांडण्यांपर्यंत झिरपतो आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरील नाव दिव्याविना वाचता येते. या काचेला रंग नाही, नक्षी नाही. तिच्याकडे कोणी पाहातही नाही. तिच्यामुळे इतर सारे दिसते. माझ्या मते बडोद्यातील काचेचे श्रेष्ठ काम हेच.

एक कबुली देतो. आमचे जुने घर उतरविले तेव्हा दारांवरची तांबडी-हिरवी तावदाने आम्हीच भंगारात दिली. सकाळी देवघराच्या फरशीवर त्यांचा हिरवा चौकोन पडे आणि आजी त्यावरून पूजेची वेळ ओळखी. सुभानपुऱ्यातील आमच्या सदनिकेत खिडक्या मोठ्या आहेत. पण त्यांवर दिवसभर पडदे असतात. तो चौकोन मुलांना कसा दाखवू, हे मला सुचत नाही.

म्हणून सभासदांना दोन विनंत्या. कोणाच्या घरी अशी तावदाने उरली असतील, तर ती मोडीत काढण्यापूर्वी एकदा उन्हात धरून पाहावीत. आणि आपल्या वाचनालयाची जागा पुढे कधी नव्याने बांधली गेली, तर कपाटांची संख्या ठरविण्याआधी उजेड कोठून येणार हे ठरवावे. वाचकापर्यंत प्रकाश पोहोचविणे, हेच ग्रंथालयाचेही काम आहे.